सही कोणत्या दिवशी मागायची?

सातव्या दिवशी संध्याकाळी त्या मुलाच्या वडिलांना पीआयसीयूच्या, म्हणजे लहान मुलांच्या अतिदक्षता विभागाच्या, दारात बोलावलं गेलं. नऊ वर्षांचा मुलगा. काकाच्या मोटारसायकलवर मागे बसला होता, डोक्यावर काही नव्हतं, गतिरोधकावर गाडी उडाली आणि तो डांबरावर आपटला. तोंडातून घातलेली नळी, व्हेंटिलेटर, मिटलेले डोळे. निवासी डॉक्टरांनी कागद पुढे केला. "उद्या ट्रॅकी करायचीय, इथे सही करा." वडिलांनी विचारलं, ते काय असतं? "गळ्याला छोटं छिद्र पाडून नळी बसवायची." ते दोन पावलं मागे सरकले. बाहेर बाकड्यावर बसलेल्या बायकोजवळ गेले आणि म्हणाले, "गळा कापायचा म्हणतायत. संपलं सगळं."

पुढचे दोन दिवस गावाहून माणसं येत राहिली. कुणी पुण्याला न्या म्हणालं, कुणी अंगारा घेऊन आलं. तिसऱ्या दिवशी स्वतःच्या जबाबदारीवर नेत असल्याचं लिहून देऊन त्यांनी पोराला अँब्युलन्समध्ये घातलं. पुढे त्याचं काय झालं, मला कधीच कळलं नाही.

मी त्या पाळीला ड्यूटीवर होते. चूक त्या एकट्या डॉक्टरांची नव्हती. सहा दिवस मी त्या आईशी रोज बोलत होते. ताप किती, लघवी किती, दूध पचतंय का, सगळं सांगत होते. एक शब्द मात्र माझ्या तोंडातून निघाला नव्हता, आणि तो सातव्या दिवशी त्यांच्यापुढे थेट कागदावर छापून आला.

मी परिचारिका आहे. बावीस वर्षांच्या नोकरीतली चौदा वर्षं लहान मुलांच्या अतिदक्षता विभागात गेली. मेंदूला जबर मार लागलेल्या मुलाची ट्रॅकिऑस्टॉमी लवकर करावी की थांबून करावी, यावर डॉक्टरांमध्ये जोरात वाद चालतात. ते मी ऐकलेत, त्यावरचं लिखाण जमेल तसं वाचलंय, आणि नळी बसल्यानंतरची बहुतेक कामं माझ्या हातून झालीत. माझं मत असं, की चीर द्यायला थांबता येतं, बोलायला थांबता येत नाही. आपण बरोबर उलटं करतो. बोलणं शेवटच्या दिवसावर ढकलतो आणि मग चीर देण्याची घाई करतो. या घाईमागे पुष्कळदा मुलाच्या तब्येतीपेक्षा खाटांचा आणि पैशाचा हिशेब असतो, आणि तो घरच्यांना कुणी उघडपणे सांगत नाही.

आधी नळीबद्दल, कारण भीती तिथूनच सुरू होते. अपघातानंतर मूल बेशुद्ध असेल, शुद्ध किती आहे ते मोजणाऱ्या ग्लासगोच्या मोजपट्टीवर आठ किंवा त्याहून खाली असेल, तर श्वासाची वाट सुरक्षित राहावी म्हणून तोंडातून किंवा नाकातून नळी घालतात. ती स्वरयंत्रातून खाली श्वासनलिकेत जाते. जीव वाचवणारी गोष्ट आहे ती, पण मुक्काम लांबला की तिचा त्रास सुरू होतो. स्वरयंत्राच्या खालचा भाग हा मुलांच्या श्वासमार्गातला अरुंद भाग. तिथे नळी घासत राहिली तर सूज येते, व्रण पडतो, आणि तो भरताना वाट आकसू शकते. शिवाय घशात नळी असलेलं मूल ती सहन करत नाही. खोकतं, ओढतं, चावतं. मग गुंगीची औषधं चालू ठेवावी लागतात आणि त्या औषधांखाली मेंदू खरोखर कुठवर सावरलाय हे कुणालाच नीट दिसत नाही.

ट्रॅकिऑस्टॉमीत गळ्याच्या खालच्या भागात, श्वासनलिकेच्या कड्यांमध्ये छोटी उभी चीर देऊन आखूड नळी बसवतात. स्वरयंत्र मोकळं होतं, तोंड मोकळं होतं, गुंगी कमी करता येते. मुलांच्या बाबतीत सर्जन चिरेच्या दोन्ही बाजूंना एकेक लांब टाका ठेवतात आणि ते दोरे छातीवर चिकटपट्टीने लावून त्यावर ‘डावा’, ‘उजवा’ लिहितात. पहिल्या आठवड्यात नळी निसटलीच तर हे दोन दोरे हलके ओढायचे, भोक पुढे येतं आणि नवी नळी आत जाते. माझ्या लेखी पीआयसीयूतल्या सगळ्या यंत्रांपेक्षा हे दोन दोरे मोलाचे आहेत. नवी सिस्टर आली की मी तिला आधी ते दाखवते.

लवकर करावी म्हणणाऱ्यांचं म्हणणं मला पटतं ते याच गुंगीच्या मुद्द्यावर. एका सहा वर्षांच्या मुलीची ट्रॅकी अकराव्या दिवशी झाली. गुंगीची औषधं उतरवली. तिसऱ्या दिवशी सकाळी आई तिचे पाय पुसत होती आणि मुलीचे डोळे आईच्या हातातल्या बांगड्यांमागे जात होते. डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे. आईला आधी कळलंच नाही. मी तिचा हात धरून थांबवला, पुन्हा हलवायला लावला. औषधाखाली असती तर ते डोळे आम्हाला आणखी किती दिवस दिसले नसते कोण जाणे. फिजिओथेरपिस्टचं कामसुद्धा त्याच दिवशी खऱ्या अर्थाने सुरू झालं.

पण याच मुलीचं दुसरं दृश्यही सांगायला हवं. चार दिवसांनी ती रडायला लागली. तोंड वाकडं, गालावर पाणी, छाती हलतेय, आणि आवाज काहीच नाही. हवा स्वरयंत्रापर्यंत जातच नव्हती. आई दाराशी येऊन म्हणाली, "सिस्टर, तिचा आवाज कुठे गेला?" याबद्दल तिला आधी कुणी काही सांगितलं नव्हतं. नळी निघाल्यावर आवाज बहुतेक परत येतो, काही मुलांना त्याआधीच बोलण्याची झडप लावता येते, हे मी तिला तेव्हा सांगितलं. ते ट्रॅकीच्या आधी सांगायला हवं होतं.

अतिदक्षता विभागाचा जन्म या शस्त्रक्रियेशी जोडलेला आहे, आणि त्या जन्माच्या वेळी समोर एक मूलच होतं. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली. तिथल्या ब्लेगडॅम रुग्णालयात श्वास आणि घसा लुळा पडलेल्या पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाला बोलावलं गेलं. २७ ऑगस्टला त्यांनी १२ वर्षांच्या एका मुलीची ट्रॅकिऑस्टॉमी करायला लावली आणि नळीला पिशवी जोडून हाताने दाबत श्वास दिला. मुलगी वाचली. मग व्हेंटिलेटर पुरेसे नव्हते म्हणून सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळ्या लावून महिनोन् महिने पिशव्या दाबत बसले. मृत्यूचं प्रमाण झपाट्याने खाली आलं.

हा इतिहास मला फार जवळचा आहे, पण त्यातून चुकीचा अर्थ निघू नये. त्या मुलीचा मेंदू शाबूत होता. स्नायू परत येईपर्यंत वेळ हवा होता आणि नळीने तो मिळवून दिला. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात जीबीएस या नसा दुबळ्या करणाऱ्या आजाराची साथ आली, तेव्हा व्हेंटिलेटरवर गेलेल्यांची गोष्टही त्याच जातीची होती. नसा सावरेपर्यंत तग धरायचा. मेंदूच्या इजेत असं नाही. नळी वेळ मिळवून देते, पण त्या वेळेच्या शेवटी काय असेल हे पहिल्या आठवड्यात सांगता येत नाही. डोक्याला मार लागलेली मुलं कधीकधी महिन्यांनी डोळे उघडतात आणि पुढे चालतात, शाळेतही जातात. शेततळ्यात बुडून बराच वेळ प्राणवायू न मिळालेल्या मुलाचं चित्र सहसा यापेक्षा फार वेगळं असतं. दोघांना ‘ब्रेन इंजुरी’ हा एकच शब्द लावून एकच वेळापत्रक देणं मला चुकीचं वाटतं.

मोठ्यांच्या बाबतीत लवकर की उशिरा हा वाद मोजून पाहिला गेलाय. ब्रिटनमधल्या ‘ट्रॅकमॅन’ चाचणीत ९०९ रुग्ण होते, निकाल २०१३ साली आला. चिठ्ठी टाकावी तशी विभागणी केली. काहींची ट्रॅकी चार दिवसांच्या आत, बाकीच्यांची दहा दिवसांनंतर आणि तेव्हाही गरज असेल तरच. तीस दिवसांतल्या मृत्यूंमध्ये दोन्ही गटांत सांगण्यासारखा फरक निघाला नाही. माझं लक्ष वेधलं ते दुसऱ्याच आकड्याने. ज्यांना थांबवलं होतं, त्यांच्यातल्या साधारण ४५ टक्के लोकांचीच शेवटी ट्रॅकी झाली. उरलेल्यांपैकी काही दगावले, पण पुष्कळांची नळी ट्रॅकीविनाच काढता आली. म्हणजे चौथ्या दिवशी खात्रीने ‘याला लागणारच’ असं म्हणणारी तज्ज्ञ मंडळीसुद्धा बऱ्याच वेळा चुकत होती. पक्षाघाताच्या गंभीर रुग्णांवर जर्मनी आणि अमेरिकेत झालेल्या चाचणीचा निकाल २०२२ मध्ये आला. ३८२ रुग्ण होते. पाच दिवसांच्या आत ट्रॅकी करून सहा महिन्यांनंतरची अवस्था सुधारली असं तिथेही दिसलं नाही. ब्रेन ट्रॉमा फाउंडेशनच्या २०१६ च्या मोठ्यांसाठीच्या मार्गदर्शक सूचना सांगतात की लवकर ट्रॅकी केल्याने व्हेंटिलेटरचे दिवस कमी होतात, पण मृत्यू किंवा रुग्णालयातला न्यूमोनिया कमी होतो याचा पुरावा नाही. त्याच संस्थेच्या मुलांसाठीच्या २०१९ च्या सूचनांमध्ये कवटीतल्या दाबापासून पोषणापर्यंत सगळं आहे. ट्रॅकी कधी करावी यावर शिफारस नाही.

मुलांवर झालेले अभ्यास बहुतेक जुनी कागदपत्रं चाळून केलेले आहेत. त्यांत सहसा असं दिसतं, की ज्यांची ट्रॅकी लवकर झाली ती मुलं व्हेंटिलेटरवरून लवकर सुटली, आयसीयूतून लवकर बाहेर गेली. या आकड्यांवर बोट ठेवून ‘करूनच टाकू’ म्हणणारे डॉक्टर मी पाहिलेत. मला त्यात एक खोट दिसते. आठव्या दिवशी ज्याची ट्रॅकी होऊ शकली, ते मूल मुळात ऑपरेशन थिएटरपर्यंत नेण्याइतकं स्थिर होतं. ज्याची विसाव्या दिवशी झाली, त्याला मध्ये न्यूमोनिया झाला असेल, दाब चढला असेल, आणि म्हणूनच उशीर झाला असेल. त्याचे जास्तीचे दिवस उशिराच्या चिरेमुळे म्हणायचे की त्या आजारपणामुळे? आणि ज्याची नळी बाराव्या दिवशी निघाली आणि ट्रॅकी लागलीच नाही, ते मूल या तुलनेत कुठेच नसतं. थांबण्याचा खरा फायदा ज्याला झाला, तोच हिशेबातून गळतो.

मग दिवस कोणता? मला विचाराल तर पहिला आठवडा नको. मेंदूची सूज साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमाराला सगळ्यात जास्त असते. ट्रॅकी करताना मुलाला सपाट झोपवावं लागतं, मान मागे ताणावी लागते, काही क्षण श्वासाची लय तुटते, कार्बन डायऑक्साइड चढतो. कवटीतला दाब तेव्हाच उसळू शकतो. चेहरा, गळा किंवा मानेतला मज्जारज्जूच फुटला असेल तर गोष्ट वेगळी, तिथे वाट बघण्यात अर्थ नाही. एरवी सूज उतरू द्यावी, गुंगी कमी करून बघावी, आणि एकदा तरी नळी काढून पाहण्याची संधी मुलाला द्यावी. ग्लासगोचा आकडा कमी असूनही ज्याचा खोकला दणदणीत आहे आणि लाळ गिळता येते, असं मूल नळीविना राहिलेलं मी अनेकदा पाहिलंय. कफ ओढून घेणारी सक्शनची नळी आत घातल्यावर मूल कसं खोकतं, हे रोज सहा वेळा सिस्टरच बघते. राउंडला तिला विचारा, एवढीच माझी विनंती आहे. दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीपर्यंत खोकला येत नसेल, नळी काढण्याचा प्रयत्न फसला असेल, मेंदूच्या देठाला इजा असेल, तर मात्र रेंगाळू नये. तिसरा आठवडा नुसता ढकलण्यात घालवला तर स्वरयंत्राची किंमत मोजावी लागते, आणि पुनर्वसनाचे दिवस हातचे जातात. अर्भकांच्या बाबतीत मी आणखी सबुरीच्या बाजूची आहे. त्यांची मान आखूड, श्वासनलिका पेनच्या रिफिलहून थोडीच रुंद. नळी गच्च झाली तर जीव जायला मिनिटं पुरतात.

हे झालं मुलाच्या शरीराचं घड्याळ. आपल्याकडे भिंतीवर दुसरी घड्याळंही टांगलेली असतात.

मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने रस्ते अपघातातल्या जखमींसाठी रोखरहित उपचारांची योजना अधिसूचित केली. दीड लाख रुपयांपर्यंत, अपघातापासून सात दिवस. योजना चांगली आहे, पहिल्या तासांत पैशासाठी अडून राहणाऱ्यांचे जीव ती वाचवेल, आणि तिची मागणी कितीतरी वर्षांची होती. पण मेंदूला मार लागलेल्या मुलासाठी तो सातवा दिवस नेमका कुठे पडतो बघा. सूज नुकती उतरतेय, नळी निघेल की नाही हे अजून ठरायचंय, आणि त्याच दिवशी खात्यावरचे पैसे संपतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचं संरक्षण आहे. आरोग्यमित्राच्या खिडकीशी कागदपत्रं वेळेत पोचली आणि रुग्णालय योजनेत असलं, तर पुढचे दिवस निघतात. नसलं, तर आठव्या दिवसाचं बिल बापाच्या अंगावर येतं. अशा वेळी ‘ट्रॅकी करून टाकू, व्हेंटिलेटरवरून लवकर निघेल, खर्च वाचेल’ असं कुणी म्हणालं तर ते खोटं नसतं. पण ते मुलाच्या प्रकृतीचं कारण नव्हे. बापाला तसं सांगा. पैशासाठी निर्णय घेतोय हे त्याला माहीत असेल तर तो दुसरीकडून पैसे उभे करायचा की नाही, हे स्वतः ठरवेल. वैद्यकीय भाषेत गुंडाळून दिलं तर त्याच्या हातातून तो निर्णयच काढून घेतला जातो.

सरकारी रुग्णालयात बिलाची जागा खाट घेते. बाहेर अपघात विभागात एखादं पोर व्हेंटिलेटरच्या प्रतीक्षेत असतं आणि त्याचा चुलता किंवा मामा अँब्यू पिशवी दाबत बसलेला असतो. मी त्यांना पिशवी कशी धरायची, किती दाबायची ते शिकवलंय. रात्री तीन वाजता त्यांच्या बोटांना पेटके आलेले पाहिलेत. कोपनहेगनचे विद्यार्थी आठवतात तेव्हा. फरक इतकाच की त्या गोष्टीला सत्तर वर्षं उलटून गेली. आतल्या मुलाची ट्रॅकी करून त्याला व्हेंटिलेटरवरून काढलं तर बाहेरच्याला यंत्र मिळतं. हा विचार क्रूर नाही, उलट तोही कुणाच्या तरी लेकरासाठीच आहे. मी फक्त एवढं म्हणते, की तो डॉक्टरांच्या खोलीत कुजबुजत होऊ नये. टंचाई आहे म्हणून लवकर चीर देतोय, असं केसपेपरवर लिहिलं जावं. लिहिलं गेलं की मोजलं जाईल, आणि मोजलं गेलं तरच कधीतरी जिल्हा रुग्णालयात लहान मुलांचे व्हेंटिलेटर वाढतील.

(आणि हेल्मेट. मोटार वाहन कायद्याने चार वर्षांवरच्या प्रत्येकाला दुचाकीवर हेल्मेट सक्तीचं आहे. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांसाठी फेब्रुवारी २०२२ मध्ये वेगळा नियम निघाला : हेल्मेट, पट्टा, आणि ताशी ४० किलोमीटरची मर्यादा. शाळा सुटताना कुठल्याही फाटकाशी उभं राहून मोजा, किती पोरांच्या डोक्यावर ते दिसतं.)

या सगळ्या वादात एक गोष्ट फारच कमी बोलली जाते, ती म्हणजे घर. ट्रॅकी चौदाव्या दिवशी झाली काय किंवा नवव्या, मूल नळी घेऊन घरी जाणार. अमेरिकन थोरॅसिक सोसायटीच्या २०१६ च्या सूचनेनुसार घरी व्हेंटिलेटरवर असलेल्या मुलाच्या घरातली किमान दोन माणसं शिकलेली हवीत, आणि शिकलेलं एक माणूस सतत जागं हवं. फक्त गळ्यातल्या नळीवर असलेल्या मुलालाही हे अक्षरशः लागू आहे असं मी मानते, कारण नळीपायी घरी जीव जातो तो बहुतेक दोनच कारणांनी : नळी चोंदते, किंवा निसटते. दोन्ही वेळा हातात मिनिटं असतात, आणि १०८ येईपर्यंत जे करायचं ते घरच्यानेच करायचं असतं.

आपल्याकडे काय होतं? आईला शेवटच्या दोन दिवसांत सक्शन दाखवलं जातं. नळी आत किती सेंटीमीटर घालायची, किती सेकंद थांबायचं, बाहेर काढताना ओढायचं कसं. ती थरथरत एकदा करते, आम्ही ‘जमतंय’ म्हणतो आणि डिस्चार्ज लिहिला जातो. सक्शन मशीन विकत किंवा भाड्याने. गावात वीज जाते तेव्हा ते बंद पडतं. पायाने चालवायचा सक्शन पंप मिळतो, पण तो घ्या असं सांगणारं कुणी नसतं. एक माप लहान जादा नळी उशाशी हवी, हे कागदावर लिहिलेलं नसतं. एका आईने मला फोनवर सांगितलं होतं, "ताई, मी रात्री झोपत नाही. त्याचा घुर्र आवाज थांबला की मला कळतं. पण मी झोपले तर कोणाला कळणार?" घरात सासू होती, दीर होता. त्यांना शिकवायचं आम्हाला सुचलंच नव्हतं.

शस्त्रक्रियेला योजना आहे, घराला नाही. सगळी व्यवस्था रुग्णालयातल्या खाटेभोवती उभी आहे. सक्शनच्या नळ्या, फीत, सलाइन, दर ठरावीक महिन्यांनी बदलायची ट्रॅकीची नळी, हा खर्च महिन्यामागून महिना चालतो आणि तो कुटुंबाच्या माथी येतो. माझी मागणी मोठी नाही. नळी घेऊन घरी जाणाऱ्या प्रत्येक मुलाबरोबर सक्शन मशीन, पायपंप, अँब्यू पिशवी आणि दोन जादा नळ्या अशी पेटी सरकारने द्यावी. अशी मुलं संख्येने थोडी असतात, त्यामुळे राज्याच्या तिजोरीला हे जड नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं २०१३ पासून गावोगावच्या अंगणवाड्यांत आणि शाळांत जातात. त्यांच्या यादीत या मुलांचं नाव असावं. घरातली दोन माणसं रुग्णालयात सलग एक दिवस-रात्र एकट्याने मूल सांभाळून दाखवत नाहीत तोवर डिस्चार्ज नको. आणि दोन माणसं शिकायची तर वेळ लागतो. म्हणूनच बोलणं तिसऱ्या-चौथ्या दिवशी सुरू व्हायला हवं. चुलतीला गावाहून यायला, वडिलांना कामावरून सुट्टी मिळायला, आजीला नळीची भीती जायला दिवस लागतात.

तिसऱ्या दिवशी हे बोललं तर आईवडील खचतील, असं मला डॉक्टर नेहमी सांगतात. त्यांची काळजी खोटी नाही. पण मी जे पाहिलंय ते असं : घरचे खचतात ते अचानकपणामुळे. तिसऱ्या दिवशी शांतपणे सांगितलं, की सध्या नळी तोंडात आहे, आठवड्याने ती काढून पाहू, नाही जमलं तर गळ्यातून छोटी वाट करावी लागू शकते, ती कायमची नसते, आवाज काही काळ जाईल, तर ते घाबरतात, रडतात, आणि चौथ्या दिवसापासून प्रश्न विचारायला लागतात. जमल्यास आधीच्या एखाद्या मुलाच्या आईशी फोनवर गाठ घालून द्यावी. समाजसेवा अधीक्षकांनी आमच्याकडे हे काही वेळा केलंय आणि त्या एका फोनने आमच्या दहा समजावण्यांपेक्षा जास्त काम झालं.

लवकर बोलण्याचं आणखी एक कारण आहे, ते लिहिताना हात जड होतो. काही मुलांच्या बाबतीत एमआरआय, तपासण्या आणि दोन आठवड्यांचा काळ एकच सांगत असतात. अशा आईवडिलांना ट्रॅकीला नको म्हणण्याचीही मोकळीक हवी. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि २०२३ मध्ये उपचार थांबवण्याच्या कार्यपद्धतीतल्या अडचणी कमी केल्या. पण पीआयसीयूच्या दाराशी हे सगळं फार दूरचं वाटतं. तिथे ‘सही करा नाहीतर घेऊन जा’ या दोनच वाटा दाखवल्या जातात. तिसरी वाट असते : वेदना होऊ न देता, आईच्या मांडीवर, जमेल तितके दिवस. ती दाखवायला कुणीतरी खुर्ची ओढून शेजारी बसावं लागतं आणि ते सातव्या दिवशीच्या संध्याकाळी, कागद हातात घेऊन होत नाही. त्याच वेळी हेही तितक्याच ठामपणे सांगते, की नळीवर, पलंगावर, डोळ्यांनी ओळख देत जगणाऱ्या मुलाकडे बघून ‘असं जगून काय उपयोग’ म्हणण्याचा अधिकार आमच्यापैकी कुणालाही नाही. ते ठरवायचं तर त्या घराने, सगळं समजून घेऊन, घाई न करता.

त्या नऊ वर्षांच्या मुलानंतर मी वॉर्डात एक वही सुरू केली. साधी दोनशे पानी वही, चार रकाने आखलेली. मूल कधी आलं. ट्रॅकीचा शब्द घरच्यांशी पहिल्यांदा कुणी आणि कधी उच्चारला. शस्त्रक्रिया कधी झाली, किंवा लागलीच नाही. घरी जाताना कोण कोण शिकलं. पहिल्या काही पानांवर दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्यात एकाच दिवसाची तारीख आहे. आता तसं कमी दिसतं. परवाची नोंद एका सात वर्षांच्या मुलीची, गच्चीवरून पडलेली. दुसऱ्या रकान्यात चौथा दिवस, आणि माझी सही. तिसऱ्यात सोळावा दिवस. चौथ्यात दोन नावं आहेत, आई आणि थोरली चुलती. चुलतीच्या नावापुढे रात्रपाळीच्या सिस्टरने पेन्सिलने लिहिलंय : ‘पायपंप जमतो.’